लांब दोरीचं कुर्र

शालन पाळण्यावर वाकली तेव्हा तिच्या पाठीमागे बायकांच्या मुठी तयार होत्या. आत्यानं बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं आणि बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, यातच तर बारशाची खरी मजा. नावापेक्षा धपाट्यांसाठीच अर्धी वाडी जमली होती.

खोलीत उदाचा धूर तरंगत होता. शालनला सगळं लांबचं, झोपेत पाहिल्यासारखं वाटत होतं. ओठही स्वतःचा वाटत नव्हता. ओठावर ताप उतरला होता आणि बारशाआधी फोड जावा म्हणून ती येताजाता मलम थापत होती. दहिवडीच्या औषधाच्या दुकानातल्या बाईंनी बजावलं होतं, "पातळ लावा. लावायच्या आधी अन् नंतर हात धुवा. जास्त लावलं म्हणून लवकर जात न्हाई, उलट आग व्हती, सालं निघत्यात. आणि फोड बरा होईस्तवर तान्ह्या बाळाजवळ तोंड न्यायचं न्हाई. त्याच्या जिवावर बेततं."

शालन मलम तेवढं घेऊन आली आणि बाकीचं बजावणं दुकानातच ठेवून आली. आता ओठाची आग होत होती, सालं निघाली होती आणि फोड जागचा हलला नव्हता. तोंडाला पदर लावून ती सकाळपासून नव्या नवरीसारखी वावरत होती.

बाळाचा कान हरभऱ्याच्या घाट्याएवढा. त्यात सांगायचं नाव फक्त तिलाच ठाऊक होतं. बाळ पोटात होतं तेव्हापासून तिनं ते जपलं होतं. एकदाच तर सांगायचंय, तिला वाटलं.

तेवढ्यात कुणीतरी उतावळीनं धपाटा घातलाच. शालनचं तोंड खाली गेलं. पाळण्याची कड धरून तिनं स्वतःला कसंबसं अडवलं. कान बोटभर राहिला होता. दुकानातल्या बाईंचं बोलणं तिला आत्ता आठवलं.

ती सरळ झाली. तोंडावरचा पदर काढला.

"रेश्मा, माझ्या ओठावर ताप उतरलाय. बाळाला लागंल. मला न्हाई जमायचं कुर्र."

पाळणा थांबला. शालनच्या आईनं, बनुबाईनं, कपाळाला हात लावला. "आत्या असून दुसरीला करायला लावतीस व्हय? उरक की गं, काय हुतंय त्येला!"

बाळाची आई रेश्मा भिंतीला टेकून बसली होती. तिनं आधी बाळाकडे बघितलं, मग शालनच्या ओठाकडे.

"दुसरं कोण न्हाई करायचं," ती म्हणाली. "आवं वन्सं, तुमी अंगणात बसा. पाळण्याला लांब दोरी बांधू. नाव तिथनं सांगा."

शेळ्यांची दावी एकमेकांना गाठ मारून दोरी उंबऱ्याबाहेर आली. शालननं साबणानं हात धुतले आणि लिंबाखाली बसून दोरी ओढली. आत, अर्धवट अंधारात, पाळणा हलला. ऊन पेंगुळलं होतं. कानात सांगायचं गुपित आता साऱ्या आळीला ओरडून सांगायचं होतं.

"कुर्र!" तिनं हाक घातली. "सृष्टी!"

मग बायका दारातून नुसत्या सांडल्या. बनुबाईचा धपाटा सगळ्यांत जोरात बसला. शालन इतकी हसली की ओठ चिरला. हात आपसूक ओठाकडे निघाला आणि मधेच थांबला.

त्या हातात दोरी होती. तिनं ती हळूच पुन्हा ओढली.