मोहफुलं पडायच्या आधी

बुधरीच्या पदराची गाठ सुटून फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांची पट्टी खाली पडली. सासूनं, सोनीबाईनं, ती उचलली आणि थेट जळत्या पाल्यात फेकली.

दोघी सकाळपासून घरच्या मोहाच्या झाडाखालचा पाला झाडून पेटवत होत्या. फुलं आज-उद्या पडू लागणार होती; ती वेचायला खालची जमीन मोकळी हवी होती. बुधरीनं खराटा टाकला, काडीनं पट्टी ओढून काढली आणि मातीत दाबून विझवली. बोटं पोळली, तिकडं तिनं पाहिलंही नाही.

"नवरा तिकडं तेलंगणात मिरच्या तोडून राह्यला, पोटात काई नाई, मंग गोळ्या कायच्या खाऊन राह्यली तू?" सोनीबाई कडाडली. "लेकरू होऊच नाई म्हून नं? माह्या चैतूचा वंश बुडवतं का?"

पलीकडच्या झाडाखालच्या बाया खराटे थांबवून ऐकू लागल्या. सोनीबाईच्या तोंडी लागायची गावात कुणाची छाती नव्हती. बुधरीनं तर लग्न झाल्यापासून तिच्यापुढं मान वर केली नव्हती. आज केली.

"लेकरू पाह्यजे म्हून खाऊन राह्यली, आत्या. पह्यल्या लेकराची पाठ जलमताच उघडी होती. तुमीच धुतलं त्याले."

ते लेकरू सांजेपर्यंतही जगलं नव्हतं. ती पाठ सोनीबाईच्या डोळ्यांपुढून अजून हलत नव्हती.

"नर्सबाई म्हणे, पोट रायलं हे बाईले कळाच्या आधीच लेकराची पाठ जुळून जाते, आन् तिले जुळाले ह्या गोळ्या लागते," बुधरी म्हणाली. "म्हून तुमचा लेक घरी याच्या आधीपासूनच खाऊन राह्यली. दिवस गेल्यावरबी सोडणार नाई."

"आमच्या येळेस कोणं खाल्ल्या गोळ्या? आधी पोट तं दिसू दे. मंग पाहू."

"मंग आपण पाला आत्ताच काऊन जाळून राह्यलो? फुलं पडल्यावर जाळू."

"फुलंच जळून जातीन नं," सोनीबाई सवयीनं बोलून गेली. आणि तिथंच थांबली.

पट्टीतल्या बऱ्याच गोळ्या काळ्या पडल्या होत्या. बुधरीनं धड राहिलेली एक काढली आणि सासूच्या समोरच पाण्याबरोबर गिळली.

"उद्या दवाखान्यात जाऊन दुसऱ्या आणीन. त्याबी जाळल्या, तं परवा आणीन."

सोनीबाईनं पाल्याची उरलेली रास आगीत लोटली, धुरानं पाणावलेले डोळे पुसले. धूर तसा फार नव्हता.

मग पलीकडच्या बायांना नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली, "उद्या मीबी येतो तुह्यासंग. आन् कोणी इचारलं तं सांगजो, या गोळ्या सासूनंच लावून देल्ल्या."