शनिवारचे दोरे

“टेम्पो मागं घेताना आधी गिअरच्या दांड्यावरची कडी उचल, मगच गिअर टाक,” नवऱ्याने शिकवलेलं राजेश्वरीला आठवत होतं, पण कडीच हलेना. तो वारल्यापासून टेम्पो भिंतीकडे तोंड करून उभा होता, आणि एकट्या राहणाऱ्या मुक्ताबाईंना आज डोळ्यांच्या ऑपरेशनला नगरला न्यायचा शब्द तिने दिला होता. गॅरेजवाला भागवत वाकून बघत म्हणाला, “वहिनी, गिअरबॉक्स नीट हाय. तुमच्या दोऱ्यांनीच कडी आवळलीय.” दर शनिवारी ती मारुतीचा दोरा दांड्याला बांधायची, अजूनही, न चुकता. “मग हे होते तेव्हा कसं नाही अडलं?” तिने विचारलं. “दादा जुना दोरा गुपचूप सोडायचे. ‘तिला सांगू नको, वाईट वाटंल,’ म्हणायचे.” भागवतने ब्लेड काढलं. तिने ते बाजूला सारून एकेक गाठ बोटांनीच सोडली. मग आरशात रिकामं अंगण बघत टेम्पो मागे घेतला आणि मुक्ताबाईंकडे वळवला.