झोपाळा असलेली जागा

आठच माणसं येणार म्हटल्यावर फोनवरचा बोटवाला हसलाच.

“आठ? ताई, पंचवीसच्या खाली आम्ही बोट किनाऱ्यावरून सोडतच नाही. आणखी सतरा जण जमवा आणि मग फोन करा.”

“सतरा पाहुणे तुमच्याकडेच भाड्याने मिळतात का?” असं विचारून नशवाने फोन ठेवला. औषधाच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. शुक्रवार चार दिवसांवर आला होता आणि एवढ्या अवाढव्य कैरोत आठ माणसांना केक कापायला जागा मिळत नव्हती.

तरी तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. तिच्या आईने, इन्साफबाईंनी, आयुष्यात पहिल्यांदा वाढदिवसाला हो म्हटलं होतं. एरवी दरवर्षी काहीतरी निमित्त निघायचं. कधी डोकं दुखायचं, कधी पडदे धुवायला काढलेले असायचे. त्या दिवशी त्या पातेलंभर तांदळाची खीर करायच्या, गल्लीतल्या बारक्या पोरांना वाटायच्या आणि स्वतः चमचाभरही चाखायच्या नाहीत. नशवाने लहानपणी एकदा आईसाठी कागदाचा मुकुट केला होता. आईने तो हसत हसत उचलून तिच्याच डोक्यावर ठेवला. नशवाच्या मनाला ते फार लागलं होतं. आणि आता सत्तरी पूर्ण होताना आई आपणहून म्हणाली होती, “करूया. पण घरात नको.”

अटी मात्र होत्या. जागा उघडी हवी, झाडं हवीत आणि झोपाळा हवाच. बदकं असली तर फार छान.

“आणि केकवर गुलाबी बाहुली,” त्या फोनवर म्हणाल्या.

“बाहुली? आई, माझ्या तालियाला गुलाबी रंगाचा राग आहे. तिला डायनोसॉर लागतात.”

“मग तिच्या वाढदिवसाला डायनोसॉर कर. हा काय तिचा वाढदिवस आहे?”

नशवाचा भाऊ वगदी हे ऐकून पोट धरून हसला. “आई सत्तरीत रांगायला लागणार बघ! दुपटी शिवून ठेव.”

“तू हस नुसता. जागा शोधायला नको.”

मंगळवारी त्याने दोक्की भागातली एक गच्ची सुचवली. गच्ची सुरेख होती, पण सहावा मजला, लिफ्ट बंद आणि हुक्क्याचा धूर डोळ्यांत जाणारा. झोपाळा तर नव्हताच. बुधवारी दोघं त्याच्या क्लबवर गेले. तिथे तीन झोपाळे होते, पण वगदीने दोन वर्षं सभासदत्वाचं नूतनीकरणच केलं नव्हतं. फाटकावरच्या माणसाने त्याचं कार्ड उलटंसुलटं करून परत दिलं. दोघं बहीणभाऊ तिथेच उन्हात भांडले.

त्या रात्री इन्साफबाई म्हणाल्या, “नसेल मिळत तर राहू दे गं.”

याच शब्दांची नशवाला धास्ती होती. एकदा राहिलं की कायमचं राहणार हे ती जाणून होती. “मिळणार!” ती जवळजवळ ओरडलीच. “तू नवीन कपडे काढून ठेव.”

गुरुवारी दुपारी दुकानात दम्याचा पंप न्यायला आतिया काका आले. त्यांची नदीकाठी रोपवाटिका होती. नशवाने नेहमीप्रमाणे औषध दिलं आणि सहज गाऱ्हाणं सांगितलं.

“झोपाळा?” काका म्हणाले. “माझ्या नातवंडांसाठी बांधलेला आहे की, आंब्याला. बदकं तर इतकी झालीत की माझी रोपं खातात. न्या दोन घरी!”

“काका, भाडं किती घ्याल?”

“केकचा मोठा तुकडा. आणि जाताना एक तरी कुंडी विकत घ्या, नाहीतर बायको मला घरात घ्यायची नाही.”

नशवाने गल्ल्यामागूनच टाळी वाजवली. खोकल्याचं औषध न्यायला आलेले एक गृहस्थही उगीचच तिच्याबरोबर हसले.

शुक्रवारी सगळी जमली. मॅकरोनीचा ट्रे आला, द्राक्षाच्या पानांतला भात आला, वगदीने फुगे फुगवून फुगवून तोंड लाल करून घेतलं. बदकं तालियाच्या मागे लागली आणि तालिया बदकांच्या. नशवाला वाटलं, आपण निम्मं शहर पालथं घातलं ते याच जागेसाठी.

इन्साफबाई थेट आंब्याखाली गेल्या.

“बस ना आई, मी झोका देते,” नशवा म्हणाली.

“मी नाही बसत,” असं म्हणून त्यांनी रिकाम्याच झोपाळ्याला झोका दिला. मग आणखी एक, जरा जोरात. तो उंच गेला तशा त्या खुदकन हसल्या. आईचं असं हसू नशवाने कधी पाहिलं नव्हतं.

केक मांडला. नशवाने सात मेणबत्त्या खोचल्या, दर दहा वर्षांची एक. सगळे गाणं म्हणायला सरसावले. इन्साफबाई गुलाबी बाहुलीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी एकेक करून पाच मेणबत्त्या उपटल्या आणि बशीत ठेवल्या.

“आजीला मोजताच येत नाही!” तालिया ओरडली.

“येतं गं, राणी.” त्यांनी नशवाचा हात धरला. “दोन वर्षांची, एवढीच होती ती. माझी थोरली बहीण. तापाने गेली. पुढच्या वर्षी मी झाले तेव्हा बाबांनी माझा जन्मदाखला काढलाच नाही, तिचाच मला दिला. तारीख तिची, इन्साफ हे नावही तिचंच. लाव मेणबत्त्या, नशवा. तिचा वाढदिवस कुणी कधी केलाच नव्हता.”