डिफर विथ

“सही इथं करा, आंटी.” एजंट दत्तारामने कागदांवर पेन ठेवलं.

आयरिनने ते घेतलं नाही. ती समोर बसलेल्या मॅक्सवेलकडे, आपल्या एकुलत्या मुलाकडे, बघत राहिली.

मॅक्सवेल याचसाठी ऑकलंडहून आला होता. वडील गेल्यापासून मम्मी चौक गावातल्या या घरात एकटी. घर विकायचं आणि तिला कायमचं सोबत न्यायचं, हे त्याने फोनवरच ठरवलं. “तू म्हनशील तसा,” ती म्हणाली होती. तिकडे शेजाऱ्यांशी, नातवंडांशी बोलता यावं म्हणून त्यानेच तिला केबिन रोडवरच्या इंग्रजीच्या क्लासला घातलं. साठीची आयरिन बसने भाईंदरला जायची आणि कॉलेजच्या मुलींमध्ये बसून क्रियापदं घोकायची.

मागच्या आठवड्यात नेहा टीचरने फळ्यावर ‘डिफर’ लिहिलं. एक गोष्ट दुसरीपेक्षा वेगळी असली तर ‘डिफर फ्रॉम’. माणसाचं माणसाशी मत जुळत नसलं तर ‘डिफर विथ’.

“म्हंजे भांडान?” आयरिनने विचारलं.

“नाही हो, आंटी. फक्त मत वेगळं. माणूस आपलाच राहतो.”

त्या दिवशी परतताना आयरिन बसमधून आपल्या स्टॉपवर उतरायचं विसरली.

“मम्मी, कर ना सही. काय झालं?” आता मॅक्सवेल म्हणाला.

“आय डिफर,” आयरिन म्हणाली.

दत्तारामला काहीच कळलं नाही. मॅक्सवेल मात्र तिचं इंग्रजी ऐकून खूश झाला. “अरे वा! कशापासून डिफर? डिफर फ्रॉम व्हॉट?”

“फ्रॉम न्हाय. विथ. आय डिफर विथ यू, मॅक्सवेल.”

त्याचं हसू विरलं. “तुला यायचं न्हाय?” इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून गावची बोली निघाली.

“भेटाया येन. पोरांसंगती म्हयनाभर राहेन. पन मांजा घर हितं हाय.”

“एकटी राहशील?”

“एकटी कुटं? बोटी लागल्या की मी बायकांसंगती मासली निवडते. रविवारी चर्चात मिस्साला गाते. तुज्याकडं तुमी कामाला जाल, पोरं शालेत जातील, नि मी सोफ्यावं बसून वाट बगीन. तवा एकटी होईन.”

मॅक्सवेल उठून दारात गेला. त्याला राग आला होता. विमानाचं तिकीट, तिच्यासाठी रंगवून घेतलेली खोली, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. बाहेर बोंबील वाळत होते. रस्त्याने जाणारी एक बाई त्याला ओळखून थांबली आणि तिने आत हाक मारली, “आयरिन, बोटी लागल्या, येतेस ना गो?”

तो आत आला. पेन उचलून त्याने दत्तारामच्या हातात दिलं.

“सॉरी, दत्तारामभाऊ. घर विकायचं नाही.”

दत्ताराम गेल्यावर मॅक्सवेल आईच्या पायांशी खाली बसला.

“मम्मी, मनात होतं तर आधीच बोलायचंस. आपल्या भाषेत बोलायचंस. इंग्रजी कशाला पाहिजे होतं?”

आयरिनने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“आपल्या भाषेन तुला कदी न्हाय म्हनलंच न्हाय, पोरा. जीबच वलंना.”