आ

चौथ्या दिवशीही तोर्लाइव्हनं तोंड उघडलं नाही. चमचा ओठांना लागला की तो मान फिरवायचा, आणि कुणी हनुवटीला हात लावला की चावायला धावायचा. नव्वदी ओलांडलेला कोळी. हयात समुद्रावर गेलेली, मनगटात अजून जोर होता. समज तेवढी ओसरत चालली होती.

"ताप नाही. साथीची चाचणी दोनदा केली, काही निघालं नाही," इंगुन म्हणाली. या वृद्धाश्रमातली ती सगळ्यांत जुनी परिचारिका. "डॉक्टर म्हणाले, वय झालंय, आता छळू नका त्यांना. मुलीला तेवढं कळवून ठेवा."

सिग्रुन वाकून म्हाताऱ्याचा चेहरा न्याहाळत राहिली. साथ आली तसा उत्तरेकडच्या या गावातला दातांचा दवाखाना बंद पडला होता, आणि तिथं बावीस वर्षं लोकांचे दात साफ करणाऱ्या सिग्रुनला नगरपालिकेनं इथं धाडलं होतं. काम एकच, म्हाताऱ्यांची तोंडं स्वच्छ ठेवायची. तोंडातली घाण छातीत उतरली की न्यूमोनियाला वेळ लागत नाही, आणि त्या वसंतात तो कुणालाच परवडणारा नव्हता. सत्तावीस तोंडं तिनं पाहिली होती. हे एकच राहिलं होतं.

"खायचं नाहीये असं नाही गं," ती म्हणाली. "लाळेत रक्त दिसतंय. आत काहीतरी टोचतंय त्यांना."

"मग बघ की! मी काय अडवलंय? माझं बोट बघितलंस ना?" इंगुननं पट्टी बांधलेलं बोट तिच्यापुढं नाचवलं.

सिग्रुन खिडकीला लागून असलेल्या पलंगाच्या कडेला टेकली. अंगावर प्लास्टिकचा झगा, नाकातोंडावर मास्क, त्यावर पारदर्शक ढाल. "तोर्लाइव्ह, जरा आ करा बघू." तो टक लावून तिच्या मास्ककडे पाहत राहिला. जबडा घट्ट. तिनं ओठांवरून ओला कापूस फिरवला, गाल चोळले, लाडीगोडी लावली, एकदा रागावूनही पाहिलं. जबडा तसाच.

तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. बाहेर बर्फात तूरिद उभी होती. म्हाताऱ्याची मुलगी, वय सहासष्ट. आत यायला बंदी, म्हणून रोज अकरा वाजता ती काचेशी येऊन उभी राहायची.

"तोंड उघडत नाहीयेत!" सिग्रुन ओरडली.

जाड दुहेरी काचेतून तूरिदला काही ऐकू गेलं नाही. तिनं कानाला हात लावला. सिग्रुननं म्हाताऱ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या मास्ककडे, आणि पंजा उघडून दाखवला. तूरिदच्या कपाळाला आठी पडली. आपल्यालाच काहीतरी करायला सांगतायत असं वाटून तिनं बिचकतच आपलं तोंड उघडलं. आ.

तोर्लाइव्हनं मान वळवली. खोलीत येणाऱ्या कुणाचंच तोंड त्यानं सहा आठवड्यांत पाहिलं नव्हतं. नुसते डोळे यायचे, भरवायचे, पुसायचे आणि निघून जायचे. तो त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याचे सुकलेले ओठ एकमेकांपासून सुटले. हनुवटी हळूहळू खाली आली.

"अगं बाई," इंगुन कुजबुजली.

"तिला सांग, तशीच राहा. मिटू नकोस म्हणावं!"

इंगुन खिडकीकडे वळली आणि दोन्ही हातांनी खुणा करू लागली. सिग्रुननं विजेरी लावली. खालच्या जबड्यात अर्धी कवळी होती. तिची तार वाकून हिरडीत रुतली होती आणि भोवती सगळं पिकलं होतं.

"कवळी?" इंगुननं वाकून आत पाहिलं. "कागदावर तर दात स्वतःचेच लिहिलेत. म्हणजे इतके दिवस आम्ही कुणीच..."

"ते नंतर. वाटी धर."

तिनं तार मोकळी केली आणि कवळी बाहेर काढली. म्हातारा कण्हला, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंड मिटलं नाही. मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या कापडानं तिनं जखम टिपली. मग मऊ ब्रशनं एकेक दात घासत गेली. बाहेर बर्फ पडायला लागलं होतं. तूरिदच्या पापण्यांवर पडत होतं, जिभेवर पडत होतं. मध्येच दम लागून तिनं ओठ मिटले, तर इकडे याचेही मिटले. तिनं उघडले तसे याचेही उघडले. बावीस वर्षांत सिग्रुननं हजारो तोंडं उघडायला लावली होती. कधी गोड बोलून, कधी दटावून. दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून असं एकही उघडलं नव्हतं.

सगळं आटोपल्यावर इंगुननं ब्लूबेरीचं गार सार आणलं. तोर्लाइव्हनं पहिला चमचा घेतला. दुसराही घेतला. तिसऱ्याला त्यानं इंगुनच्या हातातून चमचाच काढून घेतला.

तो त्यानं तोंडाशी नेला नाही. थरथरत्या हातानं, सांडू नये म्हणून जपत, खिडकीकडे नेला. लहानग्याला भरवताना भरवणाऱ्याचंच तोंड उघडतं, तसं त्याचं उघडलं होतं. चमचा काचेला टेकला. जांभळा ओघळ खाली निघाला.

पलीकडे तूरिदनं आ केला, ओठ मिटले आणि गिळलं.