हवाई अंतर

"सोळाशे पंधरा किलोमीटर," पूर्वीने मोबाइलवरचा आकडा वाचला. तापलेली लेक भाविका तिच्या डाव्या खांद्यावर होती. उजव्या हाताच्या अंगठ्याने तिने दोन विमानतळांची नावं भरली होती. एक इथलं, ज्याची विमानं करंजाड्याच्या या गॅलरीवरून जातात. दुसरं मस्कतचं.

"किलोमीटर मला काय कलतंय?" सासूबाई, रंभाबाई, सुपात जवळा निवडत होत्या. "तास सांग."

"अडीच धरा, आई."

प्रणितला तिकडच्या एका गोदामात नोकरी मिळत होती. एजंटला पाचपर्यंत उत्तर हवं होतं. 'आई हो म्हणाली तरच जाईन,' असं सांगून तो कामावर निघून गेला; विचारायचं मात्र बायकोवर टाकून. आता चार वाजत आले होते. लेकीच्या दाढा येत होत्या, तीन रात्री घरात कुणाला धड झोप नव्हती. पूर्वीचे डोळे चुरचुरत होते.

रंभाबाईंनी सूप बाजूला सारलं. "खालच्या कमलाकरची आय गेली, तवा तो परदेशात. दोन दिस बर्फावर ठेवली बिचारीला. येनारा-जानारा बघून जाय, बाजारातल्या पापलेटावानी."

पूर्वीला हसू फुटलं, आणि लगेच विरलं.

"मी सकाली गेले," सासूबाई बोटांची पेरं मोजू लागल्या, "तुमी लगेच फोन करनार. अडीच तास इमानाचं. तिथून हितवर धा मिन्टं. दुपारच्याला पोचंल. दिवस मावलायच्या आत आग देल ना माझा पोरगा मला?"

नोकरीचं करारपत्र पूर्वीने सकाळपासून चार वेळा वाचलं होतं. पहिलं वर्षभर रजा नाही. पासपोर्ट कंपनीकडे जमा. प्रणितनेही वाचलं होतं. 'आईला एवढं खोलात सांगत बसू नकोस,' इतकंच म्हणाला होता. त्याने जाऊ नये, असं खरं तर तिलाच वाटत होतं. ते त्याला सांगून सांगून ती दमली होती. आता करारातलं एक वाक्य आईंना सांगितलं की तो राहणार होता. आणि मग वर्षभर भिंतीकडे तोंड करून झोपणार होता.

भाविका कण्हली. पूर्वीने तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मंग मला बर्फ नाय लागनार," रंभाबाई म्हणाल्या. बोलण्यात गंमत होती, पण नजर सुनेच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. "नीट मोजलंस ना, पोरी?"

स्क्रीनवर निळी रेघ समुद्रावरून सरळ पलीकडे गेली होती.

"अंतर बरोबर आहे, आई," पूर्वी म्हणाली.