करदोडा
परिचारिकेने शस्त्रक्रियेपूर्वी सुखरामच्या कमरेचा करदोडा कापायला कात्री उचलताच पत्नी विमलाबाईंनी तिचा हात धरला आणि त्या मला म्हणाल्या, “आमच्यात मेल्यावरच तोडतेत, डॉक्टरसायेब.” बालाघाटच्या भातगिरणीत पोती उचलणाऱ्या सुखरामच्या मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ होती. उभ्या छेदाने पोट लवकर उघडते, पण तो करदोड्याच्या जागेवरून जातो. आडव्याने वेदना कमी होतात, हर्नियाही क्वचितच होतो, असे अभ्यास सांगतात. दोरा खाली सरकवून मी आडवा छेद घेतला. निर्णय पुराव्याचा होता, श्रद्धेचा नव्हे. आत गाठी यकृतभर पसरल्या होत्या. काहीही न काढता मी पोट शिवले. टाके निर्दोष पडले. बाहेर विमलाबाईंनी एकच विचारले, “करदोडा तोडला काय?” “नाही,” मी म्हणालो. पुढचे वाक्य जुळवेपर्यंत त्यांनी मुलीला फोन लावला होता. “मंजू, तुहे बाबा वाचले वं!” फोन माझ्यापुढे धरत म्हणाल्या, “घ्या सायेब, पोरीले तुमीच सांगा.”